पायाळू

डावा पाय फिनाकडे होता आणि उजवा सेपाकडे. मधे बांबूच्या बाजेवर त्यांची आई, नानाय कुलासा, तोंडात विडा धरून आडवी पडली होती. साठीला टेकलेल्या आपल्या जुळ्या मुली आपल्याच पायांवरून हमरीतुमरीवर आल्या आहेत, हे बघून ती मनातून खूश होती.

कुणाच्या हातानं पाय जास्त हलका होतो, ही पैज फिनानं लावली होती. बहारीनच्या एका मोठ्या हॉटेलात अर्धं आयुष्य परक्यांची अंगं रगडून ती परवाच कायमची घरी परतली होती आणि आल्यापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. तिच्या मते मालीश हे शास्त्र होतं आणि सेपाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वीडिश पद्धतीत तेल लावून लांब लांब हात फिरवायचे, त्यानं रक्त खेळतं राहतं आणि झोप छान लागते. जपानी पद्धतीत तेलाचा थेंब नाही, नुसता अंगठा, पण नेमक्या जागी; मान आखडली, डोकं चढलं, की त्याच्यासारखा उतारा नाही. थायलंडवाले तर गिऱ्हाइकाला चादरीसारखं दुमडतात आणि मग ओढून सरळ करतात. अवघडलेली कंबर मोकळी व्हावी ती त्यांच्याच हातून. राहता राहिले पाठीवर मांडायचे तापलेले दगड. ते श्रीमंत बायकांसाठी. त्यांचं दुखत काही नसतं, पण त्यांना कंटाळा फार असतो.

"आणि तुझ्याकडे काय, तर खोबरेल आणि केळीचं पान," फिना म्हणाली.

"पान खोटं बोलत नाही," सेपा म्हणाली. "तुझे दगड बोलतात का काही?"

काबिबे गावात हिलोत, म्हणजे गावठी मालीश, करून घ्यायचं ते सेपाकडूनच. केळीच्या पानाची पट्टी तेलात भिजवून ती माणसाच्या अंगावरून हलकेच ओढायची. पट्टी जिथं अडेल तिथं दुखणं. मग तिथं अंगठा लावून आत बसलेल्या गारठ्याची गाठ फोडायची. तेल तिनं स्वतः गुड फ्रायडेच्या दिवशी, तोंडातून अवाक्षर न काढता कढवलेलं असे. कोळ्यांच्या लचकलेल्या कमरा, बाळंतिणींची पोटं, झाडावरून पडलेल्या पोरांचे खांदे, सगळं तिच्या ओसरीवर यायचं. ती पैसे मागत नसे. कुणी अंडी ठेवून जाई, कुणी मासळी. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सेपा पायाळू होती. आईच्या पोटातून ती पाय पुढे करून आली होती. पायाळूच्या हाताला गुण असतो हे काबिबेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तर फिनाची ती चौकटीत घातलेली सर्टिफिकिटं बघून सेपाला धास्ती अशी कधी वाटलीच नव्हती. हिनं हॉटेलात शिकायचं ते शिकावं, आपलं जन्माचं आहे, असं ती मनाशी म्हणायची आणि जरा जास्तच ताठ मानेनं चालायची.

बाहेर सान पेद्रोच्या उत्सवाचा कल्लोळ होता. बँड सकाळपासून गल्ल्या घुमवत होता, घराघरातून भाजलेल्या डुकराचा वास सुटला होता आणि दुपारी चारला बास्केटबॉलची फायनल होती. शेजारच्या तालाओ गावाला काबिबेनं कित्येक वर्षांत हरवलं नव्हतं. या वर्षी हरवणार, हे मात्र सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, कारण या वर्षी काबिबेकडे रोनिल होता.

"आता सांग, नानाय," फिना हात पुसत म्हणाली. "कुठला पाय हलका झाला?"

नानायनं दोन्ही पाय हलवून पाहिले. विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"डावा," ती म्हणाली. "होणारच की. पायाळू तीच ना."

फिना एकदम तेलाच्या बाटलीला झाकण लावायला लागली. सेपा हसली, कारण म्हातारी हल्ली काहीही बोलत असे.

"नानाय, पायाळू मी. ही फिना."

"मला काय तुम्ही ओळखू येत नाही?" नानाय म्हणाली. "तू आधी आलीस, डोक्यानं, गपचूप. रडलीसुद्धा नाहीस. ही मागून आली ती लाथा झाडत."

"काहीतरी बडबडू नकोस," फिना तिच्यावर खेकसली. पण सणाच्या दिवशी नानायला बोलायची लहर आली की ती कुणाच्या बापाला ऐकत नसे. आणि मग ती गोष्ट बाहेर पडली. बेटावरचं घर सोडून ते काबिबेत नुकतेच आले होते, मुली सहा वर्षांच्या होत्या, तेव्हाची. गावातल्या एका नावेच्या मालकाच्या घशात माशाचा काटा अडकला. केळं झालं, भाताचा गोळा झाला, काटा हलेना. माणूस काळानिळा पडला. नव्या बिऱ्हाडातल्या जुळ्यांपैकी एक पायाळू आहे असं कुणाला तरी आठवलं, आणि पायाळूनं गळ्यावरून हात फिरवला की काटा उतरतो हे तर पोराटोरांनाही माहीत. लोक त्याला उचलून दारात घेऊन आले. फिना त्या वेळी शेजारच्यांच्या सांतोलच्या झाडावर होती. हाका मारल्या तरी उतरेना.

"तो डोळे पांढरे करायला लागला होता," नानाय म्हणाली. "मी काय करणार? खाली होतीस ती तू. धरला तुझा हात आणि ठेवला त्याच्या गळ्यावर."

"आणि?"

"आणि काय, काटा उतरला. त्यानं तुझ्या बापाला नावेवर घेतलं. मग काय घरोघर जाऊन सांगू, की चुकीची पोर होती म्हणून?"

सेपा खाली बसली. आपले दोन्ही हात तिनं मांडीवर उपडे ठेवले आणि मग, का कोण जाणे, उलटे करून पाहिले. तेच हात होते. गावातल्या निम्म्या लोकांना या हातांनी उभं केलं होतं आणि त्यातल्या एकेकाला उभं करताना तिनं मनात म्हटलं होतं, हे मी नाही करत, हे माझ्या जन्मातलं आहे. आता ते तिच्या जन्मातलं नव्हतंच. ते समोर उभ्या असलेल्या, रंगवलेल्या केसांच्या, बडबड्या बाईच्या जन्मातलं होतं. सेपाला राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

काही बोलायला तिला सवडच मिळाली नाही. गल्लीच्या तोंडाशी एक ट्रायसिकल रिक्षा भोंगा दाबत आली, तिच्या मागे पिवळे बनियन घातलेली सगळी टीम पळत आली, टीमच्या मागे बायकापोरं आली आणि सगळ्यात शेवटी बँडही आला, कारण बँडला वाटलं की मिरवणूक निघाली. ट्रायसिकलमधून चौघांनी रोनिलला उचललं आणि सेपाच्या ओसरीवर आणून ठेवलं. सरावात त्यानं उंच उडी मारली आणि खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला. घोटा टम्म फुगला होता.

"अलिंग सेपा, बसवा आणि मोकळ्या व्हा," वडीलधाऱ्या बाईला लावायचं ते ‘अलिंग’ लावून कप्तान उर्बानो म्हणाला. तो गावचा कप्तान, म्हणजे सरपंच होता आणि टीमचाही तोच मास्तर. गळ्यात शिट्टी, कपाळाला घाम. "चारला खेळ सुरू."

रोनिल एकोणीस वर्षांचा होता. मोठ्यांना नमस्कार करतात तसा त्यानं सेपाचा हात ओढून कपाळाला लावला. "लोला," त्यानं आजीला मारतात तशी हाक मारली, "फक्त आजचा दिवस." "मनिलाच्या कॉलेजचा माणूस आलाय. माझ्यासाठी आलाय."

सेपानं क्रुसाची खूण केली, ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली आणि पानाची पट्टी तेलात बुडवली. पट्टी पिंढरीवरून सरळ खाली आली आणि घोट्याच्या हाडाखाली अडली ती अडलीच. तिनं पट्टी बाजूला ठेवली आणि बोटं लावली. मुरगळलेले पाय तिनं ढिगानं पाहिले होते. मुरगळलेला पाय गरम असतो, पिठाच्या गोळ्यासारखा असतो, समजूत घातली की ऐकतो. हा ऐकेना. तिनं त्याला अंगठा हलवायला सांगितला. त्यानं हलवला, आणि तिच्या बोटाखाली आत काहीतरी कचकन घासलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला तरी तो म्हणाला, "नाही, दुखत नाही."

सेपानं बोटं तिथंच ठेवली. हाड मोडलंय, बोटं सांगत होती. पण ही बोटं कुणाची? सकाळपर्यंत ती पायाळूची होती. आता ती डोक्यानं आलेल्या एका साध्या बाईची होती आणि साध्या बाईच्या बोटांना काय कळतं? कदाचित खऱ्या पायाळूच्या हाताखाली हे हाड मुकाट्यानं जागेवर बसेलही. खरी पायाळू तर इथंच उभी आहे, दोन हातांवर, तेलाची बाटली घेऊन.

"हाड मोडलंय," ती म्हणाली. "मी दाबणार नाही. शहरातल्या दवाखान्यात न्या याला."

मग जो गलका झाला त्यात कोण काय बोललं ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही. नुसती सूज आहे, म्हणाले. तो दोन पावलं चाललाय, म्हणाले. गेल्या साली तुम्ही माझा खांदा बसवलात तेव्हा तोही मोडल्यासारखाच दिसत होता, असं एकजण छाती पुढे काढून म्हणाला. तालाओवाल्यांनी पैसे चारले असतील, असंही मागून कुणीतरी म्हटलं. रोनिल रडत होता आणि रडता रडता बुटाची नाडी बांधायला बघत होता. कप्ताननं दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ओठ पुढे काढून फिनाकडे खूण केली.

"त्यांना जमत नसेल तर बहिणीला करू दे," तो म्हणाला. "जगभरच्या पद्धती शिकून आलीय. काय, देल्फिना?"

बस्स, तेवढं पुरलं. सगळ्या माना फिनाकडे वळल्या. पोरांनी रोनिलला खुर्चीसकट उचलून तिच्या बाजूला फिरवायलाही सुरुवात केली.

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. सेपानं नुसतं एवढं म्हणायचं होतं, की पायाळू मी नाही, ती आहे, आणि तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण मग हा पाय फिनाच्या मांडीवर गेला असता आणि सगळं गाव तिला दाब, दाब म्हणून ओरडलं असतं. त्या गर्दीपुढे कुणाचा टिकाव लागला असता? सेपाच्या बोटांना अजून ती कच जाणवत होती. बोटं कुणाचीही असोत, कच खरी होती.

ती उठून उभी राहिली.

"मी पायाळू आहे," ती म्हणाली. "या गावात पायाळू एकच आणि ती मी. मी सांगते, आज हा पाय जो कुणी दाबेल तो या पोराला जन्माचा लंगडा करेल."

एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. ते नेहमी दुसरेच म्हणायचे. तिनं ते पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही ते खोटं असल्याचं कळलं त्याच दिवशी.

बाजेवर नानाय कुलासा उठून बसली. तिनं बोट वर केलं आणि बोलायला तोंड उघडलं. पण फिना तिच्याआधी हलली. तिनं डब्यातला तयार विडा उचलला आणि म्हातारीच्या उघड्या तोंडात कोंबला. मग कप्तानकडे वळली.

"मी शिकलेली आहे, कप्तान, एवढंच," फिना म्हणाली. "डोक्यानं आले मी. पायाळू ही आहे. ही नको म्हणते तर नको."

आणि पुढे होऊन तिनं कुंपणाच्या दोन बांबूच्या पट्ट्या मोडल्या, आपल्या रेशमी रुमालाच्या चिंध्या केल्या आणि रोनिलचा पाय न हलवता असा सफाईनं बांधला की बघणारे आपसूक मागे सरले. ट्रायसिकल निघाली. बँडनं थोडा वेळ काय करावं याचा विचार केला आणि मग सवयीनं तिच्या मागे वाजवत निघाला.

काबिबे हरलं. थोडक्यात हरलं, त्यामुळे जास्तच लागलं. शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानावरचा आरडाओरडा घरात ऐकू येत होता, आणि एकदा तर एवढा जल्लोष झाला की दोघी बहिणी हातातली भांडी टाकून दारात धावल्या. पण तो तालाओवाल्यांचा निघाला. मनिलाहून आलेल्या माणसानं तालाओच्या एका पोराचं नाव लिहून घेतलं आणि तो जेवायलाही न थांबता गेला. दवाखान्यातून निरोप आला, की हाड मोडलं आहे, प्लास्टर घातलं आहे, पाय सरळ राहील. तो ऐकून सेपा चुलीपाशी बसून रडली. ते सुटकेचं रडणं होतं आणि त्या पोराच्या नशिबासाठीही होतं. गल्लीतून जाणारी माणसं मात्र तिच्या ओसरीकडे न बघता जात होती.

फिना तिच्या शेजारी येऊन बसली.

"तू कशाला खोटं बोललीस?" सेपानं विचारलं.

"तू बोललीस म्हणून."

"मला आज कळलं. तुलाही आजच कळलं, आणि एका दमात सोडूनही दिलंस?"

फिनानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मला तेव्हापासून माहीत आहे," फिना म्हणाली. "झाडावरून सगळं दिसत होतं. नानाय माझ्याच नावानं हाका मारत होती. त्या माणसाच्या तोंडाला फेस आला होता, सेपा. मला वाटलं, मी हात लावला आणि तो मेला तर? म्हणून मी फांदी घट्ट धरून बसले. आणि तू गेलीस की सरळ. घाबरली नाहीस."

"घाबरते कशाला? मला वाटलं, पाहुणे आलेत, त्यांचा हात कपाळाला लावायचाय."

दोघी अशा हसत सुटल्या, की आतून नानायनं काय झालं म्हणून तीनदा विचारलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. फिनाचं पाणी जरा उशिरा थांबलं.

"तिकडे कुणाची पाठ माझ्या हाताखाली मोकळी झाली ना, की मला वाटायचं, हे मी शिकले म्हणून झालं, का ते जन्मातलं?" ती म्हणाली. "कधी कळलं नाही."

"मला आजपर्यंत कळत होतं," सेपा म्हणाली. "आता मलाही नाही कळायचं."

अंधार पडता पडता अंगणात पावलं वाजली. आधी एक पिवळा बनियन फाटकाशी घुटमळला, मग दुसरा, मग अख्खी टीम लंगडत, कण्हत आत आली आणि ओसरीच्या पायरीवर ओळीनं बसली. कुणाच्या पोटरीत गोळा आला होता, कुणाची मान धरली होती. सगळ्यात शेवटी कप्तान उर्बानो आला. खेळभर बाकावरून उठून उठून ओरडल्यानं त्याच्या कमरेत उसण भरली होती. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. तो फक्त म्हणाला, की रोनिल असता तर आपण निदान दहानं जिंकलो असतो, आणि मग कमरेवर हात ठेवून सेपाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याबरोबर पोरं पुन्हा पेटली. पंचाचं कसं चुकलं, शेवटचा चेंडू कसा बास्केटच्या कडीवर फिरून बाहेर आला, हे सगळी एकदमच सांगायला लागली आणि हरलेल्या खेळाला ओसरीवर नव्यानं रंग चढला.

सेपानं आत चटई अंथरली. "डावीकडचे तू घे," ती फिनाला म्हणाली. "उजवीकडचे मी घेते."

"आधी मला कर," फिना म्हणाली.

ती पालथी पडली. सेपानं तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि ती क्षणभर थांबली. जन्मभर वल्ही मारणाऱ्या कोळ्यांच्या पाठी तिनं पाहिल्या होत्या, पण एवढी आखडलेली पाठ त्यांच्यात एकही नव्हती. एवढ्या लोकांची अंगं हिनं मोकळी केली, हिच्या अंगाला कुणी हात लावलाच नाही की काय? तिनं तेल हातावर घेतलं, चोळून गरम केलं आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे सावकाश वर नेले.

"अशी नाही," फिना चटईत तोंड खुपसून म्हणाली. "जरा तिरका धर अंगठा, जपानी लोक काय करतात, आधी..."

पुढे जपानी लोक काय करतात ते कळलं नाही. फिनाला झोप लागली होती.

दारातून कप्ताननं डोकं आत घातलं आणि आपला नंबर कधी येणार, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. सेपानं एक हात वर करून त्याला गप्प केलं. दुसरा हात तिनं बहिणीच्या पाठीवरून उचलला नाही. बाहेर पोरं चेंडू कुठून कुठं गेला ते हातवारे करून सांगत होती. कप्ताननं त्यांना हळू बोलायला सांगितलं आणि तो कण्हत कण्हत पायरीवर जाऊन त्यांच्यात बसला.